मुक्ताबाई कोम बजरंग

लोणावळे, १४ फेब्रुवारी १९१७

चि. केशव यास अनेक आशीर्वाद.

तू खडकाळ्याला पोस्टमास्तर झालास हे मावशीच्या पत्रातून कळलं. तू स्वतः कळवलं नाहीस. पोस्टाच्या माणसालाही पोस्टकार्ड विकत घ्यावं लागतं, हे दुःख मी समजू शकते. एक खोली, एक खिडकी, एक पोस्टमन आणि दारात पिंपळ एवढं राज्य मिळालंय म्हणे. राज्याभिषेकाचे पेढे येतील तेव्हा येतील. त्याआधी एक काम सांगते.

आमच्याकडे धुणीभांडी करणारी सरुबाई तुला आठवत असेल. गेल्या दिवाळीत तुझ्या चहाच्या कपांवरून जी बोलली होती, तीच. तिची मुलगी मुक्ता तुझ्या हद्दीत, वडिवळ्यात दिली आहे. जावई बजरंग दसऱ्याला पलटणीत भरती झाला आणि आता बसऱ्याच्या वाळवंटात आहे. पगारातले आठ रुपये दरमहा घरी जावेत असं त्यानं लिहून दिलंय, आणि तेही बायकोच्या नावानं. थोरला भाऊ अंबाजी त्याच अंगणात राहतो, चूल तेवढी वेगळी. सरुबाई म्हणते, "जावई शाना हाय, बाई. भावाचा हात किती लांब जातो ते त्याला ठावं हाय."

पोस्टमननं मनीऑर्डर घरी नेली, तर ओट्यावर पहिला बसलेला असणार अंबाजी. म्हणून ती पोस्टातच ठेवून घे. मुक्ता येईल आणि घेईल. पैसे तिच्या हातात पडू देत, दुसऱ्या कुणाच्या नाही, कुणी कितीही गोड बोललं तरी. लहानपणी दोन चिंचांवर तुझी भिंगरी गेली होती, ते मी विसरलेले नाही.

तुझी,
अरुंधती

---

खडकाळे, ९ मार्च १९१७

ती. अक्कास सा. न. वि. वि.

भिंगरीचा विषय पस्तीस वर्षांनी तरी मिटावा ही विनंती.

परवा तुझी मुक्ताबाई आली. पदर असा ओढलेला की हनुवटीखेरीज काही दिसेना. बरोबर रतन नावाची मुलगी, सात-आठ वर्षांची, डोळे मात्र चाळिशीचे. कागदावर पलटणीच्या कारकुनाने लिहिलं होतं : मुक्ताबाई कोम बजरंग. म्हणजे बजरंगाची बायको मुक्ताबाई. मी नियमाप्रमाणे सुरुवात केली.

"नाव?"

"मुक्ता."

"नवऱ्याचं नाव?"

गप्प.

"बाई, नवऱ्याचं नाव सांगा."

"त्ये कागदावर हाय की."

"कागदावर आहे ते मला दिसतंय. तुम्हाला ठाऊक आहे का, ते सरकारला हवंय."

"मला ठावं नसंल व्हय?"

खिडकीबाहेर बाजारची माणसं जमली. माझा पोस्टमन कोंडाजी, ज्याने माझी बाजू घ्यायची, तो म्हणतो, "मास्तर, मालकाचं नाव बाईमानूस घेईल व्हय? आयुक्ष कमी हुतंय त्याचं. तिकडं आधीच गोळ्या सुटत्यात, आन् हितनं तुमी आनिक येक सोडाया लावताय!" शेवटी रतनच ओरडली, "बजरंग! माजा बा बजरंग!" पिंपळावरचे कावळे उडाले.

मी अंगठा माझ्यासमोर घेतला, साक्षीची सही केली, आठ रुपये तिच्या हातात ठेवले. मग विसाव्या शतकात नवऱ्याचं नाव न घेणं हे कसलं अज्ञान आहे, यावर चार शब्द सांगितले. चारापेक्षा थोडे अधिक झाले असतील. तिने ऐकून घेतलं, "जी" म्हणाली आणि विचारलं, "फुडल्या म्हैन्यात बी येनार ना?"

मी म्हटलं, "सरकारचा पैसा आहे. दर महिन्याला सातच्या सुमारास येणार म्हणजे येणार."

"मंग झालं," म्हणाली, आणि पदराला गाठी मारत गेली. माझ्या व्याख्यानातलं तेवढंच तिला पटलेलं दिसलं.

तुझा,
केशव

---

लोणावळे, ३० मे १९१७

चि. केशव यास आशीर्वाद.

तीन महिन्यांत तुझं दुसरं पत्र नाही. सरुबाई रोज भांडी घासताना विचारते, "बाई, पैक्याचं काय केलं माज्या पोरीनं?" मी रोज सांगते, कळवेल. आता ती भांडी आपटू लागली आहे. पितळ आमचं आहे, तेव्हा लवकर लिही.

अरुंधती

---

खडकाळे, १० जून १९१७

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पितळ वाचवण्यासाठी सविस्तर लिहितो.

आठ रुपयांत काय होतं असं मला वाटत होतं. आपल्याकडे तेवढ्यात एका मुंजीचं केळवणही होत नाही. पण इथे मी वेगळंच पाहतो आहे. पैसा थोडा आहे, पण तो येणार हे ठरलेलं आहे. सगळी करामत त्या ठरलेपणात आहे. वाणी पूर्वी तिला दुकानाबाहेर उभी ठेवायचा. आता "या मुक्ताबाई" म्हणतो, कारण सात तारीख त्यालाही पाठ झाली. दरसाल हे लोक भात पिकवतात, विकतात, आणि स्वतः वरई-नाचणी खातात. यंदा तिने दोन पायली भात घरी ठेवलं. रतन कोंडाजीला सांगत होती, "आमी सणाबिगर भात खाल्ला!" घरावर नवा पेंढा घालायचा आहे. रतनला पावसासाठी इरलं घेतलं. आणि महत्त्वाचं म्हणजे लावणीला आधी दुसऱ्याच्या खाचरात मजुरीला जायचं आणि आपलं खाचर उशिरा, वाळक्या रोपांवर भागवायचं, हे यंदा बंद. "यंदा माजं खाचर आदी," असं ती खिडकीत उभी राहून म्हणाली. पदर थोडा मागे सरकला होता. अजून दोन वर्षांत ही बाई पोस्ट चालवेल.

आणखी एक चांगली गोष्ट. तिचा दीर अंबाजी हल्ली दर खेपेला तिच्याबरोबर येतो. तू उगाच त्याची धास्ती घेतली होतीस. फार नम्र माणूस. "येकली बाईमानूस, पैका घिऊन खिंडीतनं यायाचं, माजा जीव ऱ्हात न्हाई," असं म्हणाला. मला एक तांब्या तूप आणलं. मी नको म्हटलं. मग घेतलं.

केशव

---

लोणावळे, १६ जून १९१७

चि. केशव यास आशीर्वाद.

तुपाचा तांब्या परत कर. खाल्लं असशील तर तांब्या तरी परत कर.

सरुबाईला तुझं पत्र वाचून दाखवलं. भाताचं ऐकून तिने डोळे पुसले. अंबाजीचं ऐकून हातातली राख तशीच राहिली. म्हणाली, "बाई, धाकट्या भावजयीच्या वाऱ्याला बी थोरला दीर हुबा ऱ्हात न्हाई आमच्यात. येवढ्या वर्सांत त्यो तिच्याशी बोलला न्हाई. दोन सालाखाली तिला साप डसला तवा बी त्यो उठला न्हाई ओट्यावरनं. आताच कसा जीव ऱ्हाईना त्याचा?"

केशव, तुला यात माया दिसते. मला आठ रुपये दिसतात. आणि तो बरोबर असताना पदर कुठे असतो, मागे की पुढे, तेवढं कळव.

अरुंधती

---

खडकाळे, ११ ऑगस्ट १९१७

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पदर पुढे असतो. थोरल्या दिरासमोर आणखी कुठे असणार? ती दाराआड उभी राहते आणि अंबाजी बोलतो. यात संशय घेण्यासारखं काय आहे?

पाऊस असा आहे की टपालाची थैली कोंडाजीपेक्षा जास्त पाणी पिते. कुंडली नदीला सारखा पूर. वडिवळ्याची वाट बंद. भोपळ्यांची सांगड बांधून गडी माणसं कशीबशी पलीकडे येतात. बाईमाणसाचं काम नव्हे. तेव्हा दोन महिने मी एक सोय केली. अंबाजी पुरातून येतो, मनीऑर्डरचा कागद घेऊन जातो, घरी मुक्ताबाईचा अंगठा उठवून आणतो आणि पैसे नेतो. साक्षीच्या जागी मी सही करतो. नियमात बसत नाही हे मलाही कळतं, पण नियम करणारा साहेब कुंडली पोहून आलेला नाही. त्या घरात मीठमिरची संपली असेल, पैसे माझ्या पेटीत पडून काय उपयोग? तूच म्हणाली होतीस ना, पैसे तिला मिळाले पाहिजेत?

तांब्या परत केला आहे. तूप चांगलं होतं.

केशव

---

लोणावळे, २७ ऑगस्ट १९१७

चि. केशव यास.

मी म्हटलं होतं, पैसे तिच्या हातात पडले पाहिजेत. तू पत्र पुन्हा काढून वाच.

पंचमीला मुक्ता माहेरी आली नाही. तिच्या लग्नाला दहा वर्षं झाली. नदीला पूर नव्हता असा श्रावण त्यांत एकही नव्हता, आणि ती एकदाही चुकली नाही. वरच्या अंगाने, डोंगरधारेने वळसा घालून यायची. आता अधिक महिना लागला. जावई लढाईवर, तरी धोंड्याला लेकीला तरी आणावं म्हणून सरुबाईने भाच्याला पाठवलं. अंबाजीने त्याला ओट्यावर बसवलं, गूळपाणी दिलं आणि सांगितलं, "ती कामात हाय." भाचा गूळपाणी पिऊन परत आला. तोही तुझ्याच वळणाचा दिसतो.

मला एकच सांग. तू मुक्ताला शेवटचं कधी पाहिलंस? अंगठा नव्हे, मुक्ता.

अरुंधती

---

खडकाळे, ८ ऑक्टोबर १९१७

ती. अक्कास सा. न. वि. वि.

आता तुझं समाधान होईल.

मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण मला राग आला होता. पण मनात तेही राहिलं. त्यात सुपरिंटेंडेंट साहेबांची तपासणी लागली. मी अंबाजीला निक्षून सांगितलं, या खेपेला बाई समोर पाहिजे. त्याने थोडे आढेवेढे घेतले, पण काल घेऊन आला. साहेब खुर्चीवर बसलेले, मी खिडकीशी. बाई पदर ओढून उभी. मी घाबरतच विचारलं, "नवऱ्याचं नाव?" म्हटलं, आता पुन्हा तोच तमाशा, आणि तोही साहेबांसमोर.

आणि अक्का, ती म्हणाली, "बजरंग." एकदम स्वच्छ. ना अडखळली, ना लाजली.

साहेब म्हणाले, "गुड." कोंडाजी मात्र तोंड उघडं ठेवून बघत राहिला. मार्चमध्ये दिलेलं व्याख्यान वाया गेलं नाही. मी म्हणतोच, दरमहा हातात पैसा आला की माणूस ताठ होतो, जुनी भीती झडते. आठ महिन्यांत एका खेडवळ बाईत हा फरक! यावर एखाद्या मासिकात लिहावं असं मनात आहे.

सरुबाईला सांग, मुलगी ठणठणीत आहे. उलट अंगाने भरली आहे.

केशव

---

लोणावळे, १० ऑक्टोबर १९१७

केशव,

मासिकात लिहू नकोस. आज, हे पत्र वाचून होताच, वडिवळ्याला जा.

मी इंग्रजी दुसरीपर्यंत शिकले. इथल्या महिला मंडळात स्त्रीशिक्षणावर बोलले. यांच्याशी लग्न होऊन तीस वर्षं झाली. तुझं पत्र वाचल्यावर मी कोरा कागद घेतला आणि यांचं नाव लिहून पाहिलं. पहिलं अक्षर झालं आणि टाक थांबला. खोलीत कुणी नव्हतं. आणि वडिवळ्याची मुक्ता, जिचा नवरा गोळ्यांच्या तोंडाशी आहे, ती तुझ्या व्याख्यानानं परक्या साहेबापुढं त्याचं नाव घेते?

बजरंगाचं नाव त्या घरात कोणती बाई न अडखळता घेईल? ज्या बाईचा तो नवरा नाही, ती. ज्या थोरल्या भावजयीने त्याला हाका मारमारून जेवायला बोलावलंय, ती.

तू अंबाजीच्या बायकोला बघितलंस, केशव. अंगाने भरली आहे म्हणतोस. भरणारच. आठ रुपये कुणाच्या पोटात जात होते?

सरुबाईला मी काही वाचून दाखवलेलं नाही. ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघते आहे.

अरुंधती

---

खडकाळे, १५ ऑक्टोबर १९१७

ती. अक्कास,

मुक्ताबाई जिवंत आहे. हे आधी सरुबाईला सांग, मग पुढचं वाच.

मी कोंडाजीला घेऊन चालत गेलो. अंगणात शिरताच आधी छपरं दिसली. अंबाजीच्या घरावर नवी कौलं. मुक्ताच्या घरावर जुनाच पेंढा, काळा पडलेला, मधोमध खचलेला. रतन बांधावर अंबाजीची म्हैस राखत होती. अंगावर इरलं नव्हतं. मी विचारलं, "आई कुठे?" ती म्हणाली, "आय मामाच्या गावाला गेलीया." पाठ केलेलं म्हणत होती, आणि सगळा वेळ घराच्या दाराकडे बघत होती. दाराला बाहेरून कडी होती.

अंबाजीची बायको शालूबाई पाण्याची घागर घेऊन समोर आली. माझ्याकडे पाहिलं आणि घागर सांडली. तीच हनुवटी, अक्का.

कडी कोंडाजीने काढली. आत मुक्ताबाई हिवतापाने फणफणलेली, पोत्यावर पडलेली. मला ओळखून पहिलं काय विचारलं असेल? "मास्तर, तुमी निम्मं का कापून घेता?"

मी कापून घेतो, असं तिला सांगितलेलं होतं. पहिल्या महिन्यात अंबाजीने तिच्या हातावर चार रुपये ठेवले : बाकीचे मास्तरांनी पुराचे म्हणून घेतले. दुसऱ्या महिन्यात एक. लावणी आटपल्याशिवाय माहेरी जायचं नाही, असं सांगून पंचमीलाही अडवलं. तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "आदी पैका हातात दे, मंग अंगठा." त्या दिवसापासून कडी. तिच्या जागी शालूबाईचा अंगठा. तापात तिला कांजी घालायची ती रतन, तीही शालूबाईची नजर चुकवून. तिने लावलेलं खाचर मात्र बांधापर्यंत भरून उभं आहे. सगळ्या शिवारात तसं भात नाही. अंबाजी ते कापायची वाट बघत होता. आणखी कशाची वाट बघत होता, ते मी लिहीत नाही.

तिला आणि रतनला बैलगाडीत घालून स्टेशनवर आणलं, कोंडाजीबरोबर तुझ्याकडे पाठवतो आहे. निघताना अंबाजी गाडीजवळ आला. तसाच नम्र. हात जोडलेले. म्हणाला, "मास्तर, जपून. कागदावर अंगठे हायेत. कुनाचं हायेत, मी अडानी, मला काय ठावं? पर त्येच्याखाली 'माझ्यासमोर' म्हून सही हाय. ती अडान्याची न्हाई."

केशव

---

लोणावळे, २८ ऑक्टोबर १९१७

चि. केशव यास आशीर्वाद.

क्विनीनने ताप उतरला. काल तिने सरुबाईच्या हातची पेज प्यायली आणि पहिल्यांदा भांडली, की रतनला आधी का दिली नाही. बरी होणार.

तुझ्यावर ती रागावलेली नाही. मी आहे, म्हणजे कुणी तरी आहे. रोज सकाळी ती मला तारीख विचारते. पैशाचं काय करणार, तेही ठरलेलं आहे : आधी कापणीला दोन गडी, मग पेंढा, मग घराला आतून कडी. आतून, असं तिने दोनदा सांगितलं. अंबाजीने भाताला विळा लावायच्या आत तिला शिवारात पोहोचायचं आहे. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "बाई, हितं ऱ्हायले तर पैका तुमच्या दारात यील, पर खाचर न्हाई यायाचं."

आता तुझं. साहेबाला कळवलंस का? तुझ्या पत्रात त्याचा शब्द नाही. अंबाजीने तुझी भिंगरी पुन्हा नेली आहे. ती त्याच्याकडे आहे तोवर तो दर महिन्याला तुझ्या खिडकीशी येऊन उभा राहील, आणि तू त्याला "या" म्हणशील.

अरुंधती

---

खडकाळे, ९ नोव्हेंबर १९१७

ती. अक्कास सा. न. वि. वि.

साहेबाला कळवलं नव्हतं. दोनदा लिहिलं आणि फाडलं. बावीस वर्षांची नोकरी आहे, पेन्शन आहे. वाटलं, बाई वाचली, पुढे सगळं नीट करू.

परवा ती रतनला घेऊन सकाळच्या गाडीने उतरली. बाजारचा दिवस, खिडकीशी गर्दी. ती बोलायच्या आत पिंपळाखालून अंबाजी उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्तर, ही बाई कोन? आमची मुक्ता मागल्या म्हैन्यात साहेबाम्होरं उभी ऱ्हायली, मालकाचं नाव सांगून अंगठा दिऊन गेली. साहेबानं बगितलंय, तुमी बगितलंय. ती मुक्ता असंल, तर ही कोन? आन् ही मुक्ता असंल, तर ती कोन हुती? सांगा की समद्यास्नी!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. अक्का, मी गप्प राहिलो. मार्चमध्ये ती याच जागी गप्प उभी होती आणि मी तिला अडाणी ठरवलं होतं.

मग तिने पदर मागे केला. पुरता, खांद्यापर्यंत. थोरल्या दिरासमोर, भर बाजारात. आणि म्हणाली, "बजरंग." पहिल्यांदा आवाज फुटला नाही. पुन्हा म्हणाली, "बजरंग. माजा नवरा बजरंग." कपाळावर घाम होता. बायका कुजबुजायला लागल्या. म्हाताऱ्या भिमाजीने कानाला हात लावले. ती अंबाजीकडे वळली. "नाव घेतल्यानं त्याचं आयुक्ष कमी हुतं म्हंत्यात. न घेतल्यानं माजं झालं. आता काय वंगाळ हुईल त्ये हुईल."

मी अंगठा घेतला. माझ्यासमोर, खरोखर माझ्यासमोर. आठ रुपये दिले. मग तिथेच, सगळ्यांदेखत, साहेबाला पत्र लिहायला बसलो. या वेळी फाडलं नाही.

अंबाजी पुन्हा पिंपळाखाली जाऊन बसला. जाताना हसून म्हणाला, "ठीक हाय. म्हैन्याचा पैका हाय, मास्तर. ज्याचा हाय, त्यो हाय तवर."

केशव

---

लोणावळे, २० डिसेंबर १९१७

चि. केशव यास अनेक आशीर्वाद.

तुझी वेतनवाढ रोखली आणि ताकीद दिली, हे वाचून यांना वाईट वाटलं. मला वाटलं स्वस्तात सुटलास. डिसेंबरचे पैसेही तिने स्वतःच घेतले, हे वाचून मात्र बरं वाटलं.

मुक्ताने नवं भात पाठवलंय. सरुबाईने डोक्यावर आणलं, पायलीभर, आंबेमोहोर. शिजलं तेव्हा शेजारच्या बंगल्यातला माळी विचारायला आला. नवा पेंढा पडला. आतून कडी बसली. रतन शाळेत जाते म्हणे, आणि मास्तरांना उलट प्रश्न विचारते. एका बाईच्या हातात ठरल्या दिवशी ठरलेले पैसे पडले, तर काय काय उभं राहतं ते मी पाहिलं. तुझ्या मासिकात हे लिही हवं तर.

एकच गोष्ट. ती परवा इथे आली होती. दसऱ्यापासून बजरंगाचं पत्र नाही. तिने मला हळूच विचारलं, "बाई, मी नाव घेतलं त्याचं. त्याला काय हुनार न्हाई ना?" मी ठामपणे नाही म्हटलं. अशा गोष्टींनी काही होत नसतं, तू वेडी आहेस, म्हटलं. वाक्यं तुझ्या व्याख्यानासारखीच होती. ती "जी" म्हणाली.

मग मी ऑक्टोबरमधला तो कागद काढला आणि यांचं नाव पुन्हा लिहून पाहिलं. अजून पहिल्याच अक्षरावर आहे.

अरुंधती

---

खडकाळे, ८ जानेवारी १९१८

ती. अक्कास,

थैली आली. पलटणीच्या डेपोची मनीऑर्डर तिच्यात नाही. तिच्याऐवजी त्याच डेपोचं एक लांबट सरकारी पाकीट आहे. वर तोच कारकून, तेच अक्षर : मुक्ताबाई कोम बजरंग.

मी ते उघडलेलं नाही. मला उघडता येत नाही. माझ्या नावचं नाही ते.

ती काल येऊन गेली, आज सकाळपासून पुन्हा पायरीवर बसली आहे. शेजारी रतन पाटीवर काही तरी लिहिते आहे. मुक्ताबाई दोनदा खिडकीशी आली. "आलं का?" मी म्हटलं, थैलीतलं टपाल अजून लावायचं आहे. मग तिने थैलीकडे पाहिलं आणि परत जाऊन बसली. पदर पूर्ण पुढे ओढून घेतला आहे, बाजारात कुणी नसताना. पिंपळाखाली अंबाजी आहे. त्याने अजून एकदाही विचारलेलं नाही. तो नुसता बसला आहे.

तिला वाचता येत नाही, अक्का. मी पाकीट तिच्या हातात दिलं, की ती ते परत माझ्याकडेच देणार. रतनला पाटीवर मुळाक्षरं येतात, पण हे वाचणं तिच्यावर टाकणार नाही. कोंडाजीही मघाशी सायकल पुसायची आहे म्हणून मागे निघून गेला.

दहा महिन्यांपूर्वी मी या खिडकीतून तिला दरडावत होतो, नवऱ्याचं नाव सांगा म्हणून. आता मी उठतो. हे पत्र थैलीत टाकतो, दार उघडतो आणि पायरीवर तिच्याशेजारी बसतो. आणि मग ते नाव मलाच मोठ्याने घ्यायचं आहे.

केशव